श्रमाला हवी विद्यापीठाची साथ



दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला जिद्दीचा उपदेश करण्याची आवश्यकता नसते. जिद्द नसती, तर तो महाविद्यालयाची पायरी चढलाच नसता. प्रश्न आहे तो ही जिद्द पदवीपर्यंत टिकण्याचा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४७ साली साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजनाही कर्मवीरांच्याच नावाने चालते. काम करावे, तासांप्रमाणे मानधन घ्यावे, अशी तिची रीत.

मानधनातून खाणावळीचा खर्च भागतो. प्रेरणा मात्र टिकते ती सन्मानाने. श्रम करूनही मान ताठ राहते, कामाचे तास अभ्यासाच्या आड येत नाहीत, तेव्हा उमेद वाढते. याउलट मानधन रखडले किंवा पाळी सुटण्यापूर्वीच ग्रंथालयाला कुलूप लागले, की तोच विद्यार्थी खचतो. आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, असे त्याला वाटू लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच सुटले तरी मिळवलेले श्रेयांक जपण्याची सोय केली. परंतु श्रेयांक जपल्याने विद्यार्थी आपोआप परतत नाही. त्याची विचारपूस करणारा प्राध्यापक लागतो. आणि परीक्षेच्या दिवशी त्याला आनंदाने सुट्टी देणारा मालकही! ते दायित्व मात्र विद्यापीठाचे नाही, समाजाचे आहे.