दहा कोला आणि एक सुपारी

आम्ही दोघी जावा. तीन वर्षं लंडनला राहून परत आलो, तेव्हापासून गटाच्या बैठकीत सगळ्या विचारतात, तिकडे काय काय पाहिलंत? राजवाडा पाहिला, नदी पाहिली, बर्फावर घसरून पडलोसुद्धा. पण आज सांगायचं आहे ते एका गाण्याच्या कार्यक्रमाचं.

आमची शेजारीण गांबियाची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतली. तिच्याकडे दोन तिकिटं जादा होती. म्हणाली, "चला, आमच्या बाजूची गाणारी आलीय." आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो आणि थंडीने काकडलो.

गाणारी होती माली देशाची उमू सांगारे. माली आपल्या महाराष्ट्राच्या चौपट मोठा, पण बराचसा वाळवंटच. उमूबाईंचा जन्म १९६८चा, बामाको शहरातला. त्या लहान असतानाच वडील दुसरी बायको करून निघून गेले. आई गाणारी होती. लग्नाला, बारशाला गायची आणि ही पोर तिच्याबरोबर गायची. १९८९ साली उमूबाईंची पहिली कॅसेट निघाली, 'मुसोलू'. मुसोलू म्हणजे बायका. तिच्या दोन लाखांवर प्रती खपल्या. सवत आणणं, मुलीला न विचारता लग्न लावणं, यावर त्या उघड गातात.

पडदा वर गेला आणि आम्ही आधी वाद्यंच बघत बसलो. एकाच्या हातात मोठा भोपळा, त्याला कातडं मढवलेलं, लांब दांडा आणि सहा तारा. पूर्वी तिकडे शिकाऱ्यांचं असं वाद्य होतं, ते कुणीही वाजवायचं नाही. मग तरुण पोरांनी आपलं धाकटं वाद्य काढलं, तेच हे. मागे कोरस म्हणणाऱ्या दोघी. त्यांच्या हातात सुकलेले भोपळे, वरून कवड्यांची जाळी. बाई एक ओळ म्हणायच्या, या दोघी उचलून धरायच्या आणि भोपळे वर उडवून झेलायच्या. कवड्या अशा खुळखुळत की आम्हाला आईच्या आराधिणींच्या माळा आठवल्या. भाषा कळत नव्हती, पण पाय आपोआप हलत होते.

मग एक गाणं संथ लागलं. शेजारीण कानात अर्थ सांगू लागली. गाण्याचं नाव 'वोरोतान', म्हणजे दहा कोला. कोला ही तिकडची कडू बी. आपली पानसुपारी तशी ती पाहुण्याला देतात, लग्न ठरवताना मुलीच्या घरी पाठवतात. दहा बिया मोजून दिल्या की मुलगी त्या घरची झाली, आणि मग जन्मभर राबायचं. तिकडे मुलाकडचे देतात, आपल्याकडे मुलीकडचे. उलटं आहे, पण मोजलं जातं ते बाईलाच.

आमच्यातली धाकटी रडायला लागली. थोरलीला वाटलं, गावाची आठवण आली असेल.

परतताना बसमध्ये धाकटीने सांगितलं. तिच्या लग्नात आमच्या घरच्यांनी मोटारसायकल मागितली होती. त्यासाठी तिच्या वडिलांनी सव्वा एकर गहाण टाकलं. ते सुटायला नऊ वर्षं लागली. थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं. पण यादीला ती चहा घेऊन आत-बाहेर करत होती. तिने ऐकलं होतं. त्याच गाडीवर मागे बसून ती कितीदा तरी बाजाराला गेली. बारा वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, पण हा विषय आम्ही कधी काढला नाही. काढला तो लंडनच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, मराठी कुणाला कळणार नाही म्हणून मोठमोठ्याने. उतरायचा थांबा गेला, तरी बोलतच होतो.

हे आज सांगायला कारण आहे. थोरलीच्या मुलाचं लग्न ठरतंय, येत्या मंगळवारी सुपारी फुटायची आहे. आम्ही दोघींनी घरात सांगितलंय, यादी करायची नाही, मुलीकडून काही घ्यायचं नाही. मुलगा हो म्हणाला. घरातले थोरले मात्र अजून गप्प आहेत, आणि आत्याबाई म्हणतात की लंडनचं वारं लागलं. लंडनचं नाही हो आत्याबाई, मालीचं. मंगळवारी चहा घेऊन आम्ही दोघी जाणार आहोत, आणि या वेळी बाहेरच बसणार आहोत.