साहेब राहावेत की जावेत?

चुलीवर किंवा गॅसवर काही ठेवलं असेल तर आच जरा बारीक करा आणि दहा मिनिटं आमच्याकडे कान द्या. आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचे हप्तेही नाहीत. आज एका सहीची गोष्ट आहे.

फेब्रुवारीतल्या आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत गावातले दोघे जण एक कागद घेऊन आले. एक शिक्षक, एक पुढारी. कागद छान टाईप केलेला होता, खाली क्रमांक टाकून रिकाम्या ओळी सोडलेल्या. आमच्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांना तीन वर्षं पुरी होत आली, मे महिन्यात त्यांची बदली होणार, तर तालुक्यातल्या समस्त महिलांची मागणी आहे की त्यांना इथेच मुदतवाढ मिळावी, असा मजकूर. 'समस्त महिला' म्हणजे आम्ही, हे आम्हाला तिथंच कळलं. पुढारी म्हणाले, "ताई, वाचत काय बसता, सह्या करा. बाकीचं आम्ही बघतो."

आता खरं सांगायचं तर निम्म्या बायकांनी पेन उघडलंही होतं. कारण साहेब माणूस वाईट नव्हते. हळदीकुंकवाला बोलावलं तर आले, मागं खुर्चीत बसून सगळ्यांचं ऐकून गेले. आठवीच्या मुलींची एस.टी. शाळा सुटायच्या आधीच निघून जायची. त्यांनी आगाराला पत्रावर पत्र लिहून ती पाऊण तास पुढं ढकलून घेतली. मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे हे खरं, पण गाडीच नसेल तर पास काय चाटायचा? ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांची पोरं कोपीपाशी धुळीत बसलेली असायची, त्यांची नावं शाळेच्या हजेरीवर चढवायला साहेब स्वतः फडात गेले होते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

पण पेन उघडण्यामागं आणखीही कारणं होती, आणि ती कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आमच्यातल्या सहा-सात जणी शाळेत पोषण आहार शिजवतात. महिना 2,500 रुपये मानधन. सही केली नाही आणि उद्या कुणी डूख धरला तर? दुसऱ्या गटातल्या बायका म्हणाल्या, गणवेश शिवायचं काम आपल्याला यांच्याच काळात मिळालं. मिळालं होतं, 2024-25 च्या वर्षात. पण ते काम मंत्रालयातून निघून महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडं आलं होतं, साहेबांच्या खिशातून नव्हे. गेलं तेही मंत्रालयातूनच. कापड उशिरा आलं, मापं चुकली, राज्यभर ओरड झाली आणि निर्णय फिरला. त्यात आमच्या शिलाईचाही थोडा वाटा होता, हे कबूल करायला हरकत नाही. मुद्दा असा, की ज्या गोष्टीचं श्रेय साहेबांचं नाही त्यासाठी आम्ही सही द्यायला निघालो होतो.

तेवढ्यात धनगरवाड्यावरच्या एक वैनी उठल्या. त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, "मी न्हाई करनार सही. आमच्या साळंत गुरुजीच न्हाईत." सगळ्या गप्प. मग हळूहळू कळलं. वाड्यावरच्या शाळेत दोन शिक्षक होते. त्यातल्या एकांना मागच्या जूनपासून खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत 'कामगिरीवर' पाठवलेलं. राहिले ते एकटे, आणि मीटिंग, माहिती भरणं, प्रशिक्षण यात त्यांचा आठवडा अर्धा व्हायचा. वैनींची नात चौथीत. तिला बाराखडी येते, पण वाक्य वाचता येत नाही.

त्या दिवशी आम्ही एवढंच ठरवलं की कागद ठेवून घ्यायचा आणि सही पंधरा दिवसांनी. पुढारी जरा फुरंगटले. "साध्या सहीला एवढं?" म्हणाले. आम्ही म्हटलं, भाऊ, गटाच्या कर्जाच्या ठरावावर सही करताना आम्ही रकमेतली शून्यं तीनदा मोजतो, ही तर पोरांची बाब आहे.

मग आमच्यातल्या ज्या जरा शिकलेल्या आहेत त्यांनी कायदे काढून बसायचं ठरवलं. पहिला बदल्यांचा कायदा, 2005 सालचा. त्यात अधिकाऱ्याचा एका जागचा काळ साधारण तीन वर्षं धरलेला आहे, आणि बदल्या एरवी एप्रिल-मे मध्ये व्हायच्या. तीन वर्षांच्या पुढं ठेवायचं तर कारणं मोजकी: निवृत्तीला वर्षापेक्षा कमी काळ राहिलेला असावा, किंवा त्या कामाचं खास ज्ञान असून बदली माणूस लगेच मिळत नसावा, किंवा एखादा प्रकल्प अगदी शेवटच्या टप्प्यात असावा. महिलांना साहेब आवडतात, हे कारण त्यात कुठंच नाही. म्हणजे आमच्या शंभर सह्यांनी साहेब राहणार होते की नाही, देव जाणे. पण 'महिलांचा पाठिंबा' म्हणून फोटोला तो कागद नक्की उपयोगी पडणार होता.

अमेरिकेत म्हणे वेगळी रीत आहे. तिथं एका भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा मुख्य अधिकारी करारावर नेमतात, आणि नेमणारं शाळा मंडळ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं असतं. करार संपत आला की वाढवायचा की नाही यावर उघड सभेत मतदान होतं, आणि आईबापांना उभं राहून बोलता येतं. आपल्याकडं अधिकारी शासन पाठवतं आणि शासनच नेतं. मधे जिल्हा परिषदेचा सदस्य तरी विचारायला असायचा. पण मार्च 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे विचारायचं कुणाला, असा प्रश्न होता. तेव्हा आम्हाला वाटलं, मत कुणी विचारत नसलं तरी मत तयार करायला काय हरकत आहे? निदान ते खरं तरी असू दे.

दुसरा कायदा शिक्षण हक्काचा, 2009 चा. यातल्या दोन गोष्टी आम्हाला आधी कुणी सांगितल्याच नव्हत्या. पहिली, पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, मग पट नऊ असो की एकोणसाठ. दुसरी त्याहून मोठी. एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येत नाही; जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम तेवढं सोडून. म्हणजे वाड्यावरचे गुरुजी 'कामगिरीवर' गेले, ते कायद्यातच बसत नव्हतं.

पुढचे दोन आठवडे आम्ही तिघी-तिघी मिळून आमच्या प्रभागातल्या शाळांत गेलो. तपासणीला नव्हे, आम्ही कोण तपासणार? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आईबाप असतात आणि निम्म्या बायका, त्यामुळं प्रत्येक शाळेत आमच्यातली कुणी ना कुणी सदस्य होतीच. तिच्याबरोबर गेलो. काही जणींना आपण सदस्य आहोत हे त्या दिवशी भिंतीवरच्या फलकावर नाव वाचून कळलं, ते जाऊ दे. तीनच गोष्टी पाहिल्या. नेमलेले शिक्षक किती आणि आज हजर किती. तिसरी-चौथीतलं कुठलंही पोर आपल्याच पुस्तकातला एक परिच्छेद वाचतं का. आणि साहेब किंवा त्यांचे विस्तार अधिकारी या वर्षात शाळेत आले होते का. आले असतील तर शेरेबुकात काय लिहून गेले.

रस्त्याकडेच्या शाळांत शेरे होते, चांगले सविस्तर. एका ठिकाणी साहेबांनी वाचनात कच्च्या मुलांची नावं लिहून, महिन्यानं परत येऊन पुढं काय झालं तेही लिहिलं होतं. आम्हाला फार बरं वाटलं. पोरंही घडाघडा वाचत होती. एका पोरानं तर आमच्यातल्या एका मावशींनाच उलट पुस्तक दिलं, "आता तुम्ही वाचा" म्हणून. मावशी लाजल्या, पण दोन ओळी वाचल्या.

जसजसं वर डोंगराकडं गेलो तसतसे शेरे पातळ होत गेले. वाड्यावरच्या शाळेत साहेबांची सही एकच, ती पहिल्या वर्षातली. तिथं आम्ही वैनींच्या नातीपुढं पुस्तक धरलं. तिनं बोट ठेवून एक-एक अक्षर सांगितलं. 'घ', 'र', 'अ'. मग आमच्याकडं बघून हसली. घर हा शब्द तिनं जोडलाच नाही. बाहेर आलो तर कुणी काही बोलेना. परत उतरताना आमच्यातल्या एकीनं, जिनं सगळ्यात आधी पेन उघडलं होतं, नुसतं एवढंच विचारलं की त्या कागदावर आपण काय म्हणून सही करणार होतो.

कोल्हापूरच्या मातीत बसून हे बोलताना एक आठवण सांगावीशी वाटते. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! आणि त्याच्याही आधी मुलींच्या शाळांवर देखरेख करायला संस्थानात वेगळी अधिकारी असायची. आधी मिस लिटल नावाच्या बाई होत्या. त्यांच्यानंतर महाराजांनी रखमाबाई केळवकर यांना त्या जागी नेमलं. त्यांची मुलगी कृष्णाबाई पुढं डॉक्टर झाली. म्हणजे मुलींच्या शाळा नीट चालतात की नाही हे बघायचं काम एका मराठी बाईकडं सोपवायची हिंमत इथं शंभर वर्षांपूर्वी होती. त्या काळी पोर आलं नाही तर आईबापाला दंड. आज पोर रोज येतं, डबा घेऊन, चिखलातून, आणि गुरुजी नसतात. याचा दंड कुणाला?

पंधरा दिवसांनी बैठक बसली. चांगली दोन तास चालली. काही जणींचं म्हणणं होतं, साहेबांनी बरंच केलंय, राहू देत. नवा कसा येईल काय सांगावं? हे म्हणणं खोटं नव्हतं. वाड्यावरच्या बायकांचं म्हणणं, रस्त्यावरच्या शाळांचा अधिकारी आम्हाला काय कामाचा? तेही खोटं नव्हतं. पोषण आहार शिजवणाऱ्या एका अक्कांनी शेवटी पोटातलं बोलून दाखवलं, "माझं काम जाईल म्हनून मला भ्या वाटतं." त्यांनी ते बोलल्यावर मग बाकीच्या मोकळ्या झाल्या. आम्ही ठरवलं, एकटीची सही नकोच. जे काय लिहायचं ते ग्रामसंघाच्या ठरावानं, अध्यक्ष-सचिवांच्या सहीनं. म्हणजे कुणा एकीवर बोट यायला नको.

तो छापील कागद आम्ही कोराच परत केला आणि आमचं पत्र लिहिलं. शिक्षणाधिकारी प्राथमिक, जिल्हा परिषद यांना, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. साहेब राहावेत असंही त्यात नव्हतं, जावेत असंही नव्हतं. एस.टी.ची वेळ आणि ऊसतोडीच्या पोरांची नोंद ही दोन कामं साहेबांनी चांगली केली, ती त्यांच्या बदलीबरोबर बंद पडू नयेत म्हणून लेखी स्वरूपात पुढच्याकडं द्यावीत. वाड्यावरचे शिक्षक त्यांच्या मूळ शाळेत परत पाठवावेत, कायद्याच्या कलमासकट. आणि डोंगरातल्या प्रत्येक शाळेला वर्षातून दोनदा तरी अधिकाऱ्याची भेट व्हावी. बास.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. आवाजात राग होता असं नाही, पण लागलं होतं त्यांना. "एवढं केलं तरी तुम्ही नावं ठेवलीत," म्हणाले. आम्ही म्हटलं, साहेब, केलेलं आम्ही आधी लिहिलंय, पत्र पुन्हा वाचा. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वरच्या शाळांतून माझ्याकडं कधी तक्रारच आली नाही. हे खरं असेल. तक्रार कुणी करायची? एकटे राहिलेले गुरुजी अधिकाऱ्याविरुद्ध लिहिणार, की वाचता न येणारी आजी?

मार्चअखेर साहेब स्वतः वाड्यावर गेले. शेवटचे दोन किलोमीटर गाडी जात नाही, चालत गेले. जून उजाडला तेव्हा ते 'कामगिरी'वरचे गुरुजी परत आपल्या शाळेत होते. साहेबांची बदली मे मध्ये झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. त्या छापील निवेदनावर दुसऱ्या गावांतून सह्या झाल्या होत्या म्हणे. त्याचं पुढं काय झालं ते कुणाच्या कानावर आलं नाही. नवीन बाई आल्यात. त्यांना आम्ही जुन्या पत्राची प्रत नेऊन दिली आणि पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका, मैत्रिणींनो. शिक्का, तारीख आणि सही, तिन्ही.

वैनींची नात आता पाचवीत गेलीय. अजून अडखळते, पण परवा बैठकीला आजीबरोबर आली होती आणि फलकावरचं ग्रामसंघाचं नाव तिनं जोडून वाचलं. आमची शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा येत्या शनिवारी सकाळी आहे. तुमच्या शाळेची कधी आहे, आणि त्यात तुमचं नाव आहे का, हे उद्या पोराला सोडायला जाल तेव्हा फलकावर बघून या. पुढच्या भागात त्याबद्दल तुमची पत्रं वाचू. नमस्कार.