आकाशाला टिचकी



उन्हाळा लागला की आपण कुंभाराकडे माठ घ्यायला जातो. घेण्यापूर्वी त्याला टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यावयाचा, बद्द वाजला तर बाजूला ठेवावयाचा. डोळ्यांना न दिसणारा तडा कानांना कळतो. आजच्या विषयाचे मर्म ह्या टिचकीतच आहे.

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही. मग ते ओळखावे कसे? दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत शेवटी आदळली, म्हणजे खुद्द अवकाशालाच हेलकावे बसतात. ह्या गुरुत्वीय लहरी. अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या प्रथम टिपल्या. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी होता! असा क्षीण स्वर गोंगाटातून निवडावयाचा, तर त्याचे रूप आधी गणिताने मांडून नोंदींशी ताडून पाहावे लागते. ह्या रीतीचा पाया घालण्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांच्या १९९१ च्या कामाचा मोठा वाटा आहे.

टक्कर झाल्यावर नवे कृष्णविवर क्षणभर नादते आणि शांत होते. हा नाद सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच गणिताने दाखविला होता. नादाची पट्टी आणि तो विरण्याचा वेळ यांवरून वस्तूचे वजन व फिरकी कळते. पण ती वस्तू कृष्णविवर नसून ‘बोस तारा’ म्हणून कल्पिलेले काही विलक्षण असेल तर? तर नाद निराळा येईल; काहींच्या बाबतीत मागून प्रतिध्वनीही उमटतील. १४ जानेवारी २०२५ रोजी मिळालेला अत्यंत स्वच्छ नाद कृष्णविवराच्या गणिताशी जुळला. उलट, १४ ऑगस्ट २०१९ च्या टकरीतील एक वस्तू सूर्याच्या सुमारे २.६ पट भरली: न्यूट्रॉन तारा म्हणावे तर फार जड, कृष्णविवर म्हणावे तर फार हलकी. विलक्षण वस्तूचा निर्विवाद पुरावा अद्याप नाही. परंतु दहा माठ खणखणीत वाजले म्हणून अकराव्याला टिचकी मारावयाची नाही काय?

ही टिचकी आता आपल्या मराठवाड्यातूनही ऐकू येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दूरवरचा हा आणखी एक कान मिळाला, म्हणजे आवाज आकाशाच्या कोणत्या बाजूने आला, हे अधिक नेमके सांगता येईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने धरणीची थरथर काय असते, हे आपणांस दाखविले. त्याच मराठवाड्यात आता विश्वाची थरथर ऐकावयाची आहे. ती ऐकणाऱ्यांत आपली मुले असावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.