बराक पडली, पाटी उरली
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. एप्रिलमध्ये महूला जाऊन आलो, तेवढं सांगतो. आणि सांगता सांगता एक भांडणही उकरून काढतो. आपल्या वस्तीतली वीसेक पोरं सध्या पहाटे चारला उठून भरतीसाठी मैदानावर पळतायत. त्यातली काही मागं बसलीत. भांडण त्यांच्याशी नाही, पण त्यांच्यासाठी आहे.

महू म्हणजे इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवरची छावणी. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज मोडली, 1818 च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी इथं तळ ठोकला. पुढं साहेब गेला, तळ राहिला. आजही तिथं लष्कराच्या मोठाल्या प्रशिक्षण संस्था आहेत. 2003 ला गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, तरी रिक्षावाला महूच म्हणतो.

त्या काळची छावणी कशी असायची, ऐका. गोऱ्या सोल्जरांच्या बराकी वेगळ्या. उंच छत, रुंद व्हरांडा, खेळती हवा. काळ्या शिपायांच्या लाइनी वेगळ्या. तिथली झोपडी बहुतेक वेळा शिपायानंच उभी करायची, सरकार त्यासाठी थोडे पैसे टेकवणार. मध्ये परेडचं मैदान, बाजूला सदर बाजार. गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं होतं, साहेबानंही वेस आखलीच, फक्त फूटपट्टी लावून आखली. महूच्या त्या वस्तीचं नावच काळी पलटण. तिथं 14 एप्रिल 1891 ला सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाईंच्या पोटी चौदावं लेकरू जन्माला आलं. ते कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

आज तिथं पांढरंशुभ्र स्मारक आहे. 1991 च्या जयंतीला त्याची कोनशिला बसली, 2008 ला ते खुलं झालं. चौदा एप्रिलला माणसांचा पूर असतो. आयाबाया संगमरवराच्या पायरीवर डोकं टेकतात. मीही टेकलं. मग उगाच ती खोली शोधत फिरलो, जिथं दिवा जळत असेल. खोली नाही. लाइन नाही. बराक पडली.

मग उरलं काय? ऐका. रामजीबाबा तिथं काय बंदुकीच्या गोळ्या मोजत नव्हते. ते लष्करी शाळेत शिक्षक होते, चौदा वर्षं हेडमास्तर होते. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या पोरापोरींना सक्तीनं शिकवायची रीत होती. पोरींना सुद्धा! बाहेरच्या शाळेत आपली सावली चालत नव्हती, तेव्हा पलटणीत आपल्या बाया अक्षर गिरवत होत्या. साहेबाला वाचता येणारा शिपाई हवा होता, म्हणून त्यानं पाटी दिली. उपकार नव्हते ते. पण पाटी हातात आली ती आली. पलटणीतून पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत बसले आणि 1888 च्या सुमारास त्यांनी 'विनंती पत्र' लिहून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. बंदूक सरकारजमा झाली होती. लेखणी कुणाच्या बापाला जमा करता आली नाही.

आता बंदुकीचा हिशेब बघा. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला आपले लोक लढले, खांबावर नावं कोरली गेली. आणि 1892 च्या आसपास त्याच सरकारनं सांगितलं, महारांची भरती बंद. का, तर म्हणे तुम्ही लढवय्या जातीचे नाही! पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा 1917 ला परत बोलावलं, 111 वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, 1921 ला मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं, 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की दार उघडं, गरज सरली की कडी.

माझा आज्जा त्याच रेजिमेंटचा. सुट्टीवर गावी आला तेव्हा अंगात खाकी, पायात बूट. चावडीपुढं पोचल्यावर कुणीतरी नुसतं म्हणालं, "बूट कुनाचं रं?" एवढंच. आज्ज्यानं बूट काढून काखेत धरले. पलटणीतला नाईक, पण छावणीच्या हद्दीबाहेर काय? बाबासाहेबांचंही तेच झालं. पेन्शनर सुभेदाराची पोरं, चांगल्या कपड्यातली, 1901 ला मसूर स्टेशनावर उतरली. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तर गोड बोलला. कळल्याबरोबर मागं सरला. खाकीचा धाक छावणीच्या फाटकापर्यंत.

आजीनं आज्ज्याची लोखंडी ट्रंक जपून ठेवली होती. मी ती उघडली तेव्हा आत पदक होतं आणि त्याखाली एक जुनी वही. आज्जा पलटणीतच मोडी-बाळबोध, थोडं इंग्रजी शिकला होता. त्याच वहीवर माझ्या बापानं बाराखडी गिरवली. पदकावर आमच्या घरात कुणी जगलं नाही. वहीवर तीन पिढ्या जगल्या.

म्हणून पोरांनो, पळा. दम लागेस्तोवर पळा. पोटाचा प्रश्न आहे, मी तुम्हाला अडवणारा कोण? पण डोळे उघडे ठेवून पळा. 2022 ला अग्निवीरची योजना आली, तिनं काय ठरवलं? चार वर्षं नोकरी, नंतर शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीसांना कायम. उरलेले पंचाहत्तर पंचविशीच्या आत-बाहेर घरी. पेन्शन नाही. आज्ज्याला निदान पेन्शन होती. तुमच्या हातात परतीच्या वेळी काय असेल, हे आत्ताच ठरवा.

आपण दरवर्षी कोरेगावला जातो, महूला जातो. जावंच. पण तिथून नुसता पराक्रमाचा गुलाल आणला, तर साहेबानं दिलेलंच सर्टिफिकेट आपण मिरवतोय. आणायची असेल तर रामजीबाबांची शाळा आणा.

समाजमंदिराची चावी माझ्याकडे आहे. सोमवारपासून रात्री आठ ते दहा वर्ग चालेल. पहाटे मैदान, रात्री पाटी. पोरींनी पण यायचं, काळ्या पलटणीत येत होत्या तशाच. शिकवायला मी आहे, आणखी दोघं तयार आहेत. कंदील लागला तरी चालेल, पण दिवा विझवायचा नाही.

जयभीम.