मुके नव्हे, न शिकवलेले



मेढ्याच्या भोवती डोंगर. वाड्या लांब लांब. एखाद्या वाडीत एकच मूल असते, ज्याला ऐकू येत नाही, नाहीतर दिसत नाही. लोक म्हणतात, "देवाची करणी!" मग ते पोर घरातच राहते. त्याच्याविषयी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

बहिरे मूल बोलत का नाही? बहुधा त्याची जीभ चांगली असते, गळा चांगला असतो. पण कानावर शब्दच पडत नाही. जे पेरलेच नाही, ते उगवेल कसे?

अशी पेरणी करणाऱ्या शाळा आपल्याकडे जुन्या आहेत. १९०० साली मोठा दुष्काळ होता. तेव्हा मुंबईत मिस मिलार्ड नावाच्या बाईंनी आंधळ्या मुलांसाठी शाळा काढली. काही मुलांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. त्यांच्यासाठी बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईतच शाळा सुरू केली. तिला हेलन केलर यांचे नाव दिले. हेलनबाई दीड वर्षाच्या असताना आजारात त्यांचे डोळे आणि कान दोन्ही गेले. तरी त्या शिकल्या. पुस्तके लिहिली. १९५५ साली त्या भारतातही येऊन गेल्या.

अशा शाळेत काय शिकवतात? आंधळे मूल बोटांनी वाचते. सहा टिंबांची ही लिपी, तिला ब्रेल म्हणतात. बहिरे मूल हातांच्या खुणांनी बोलते. ज्याला दोन्ही नाही, त्याच्या तळहातावर खुणा करतात. काठी घेऊन चालणे, आपले जेवण, आपले कपडे, हेही शिकवतात.

आई म्हणते, "माझं लेकरू परक्या ठिकाणी कसं राहील?" माऊली, तुमची काळजी खरी आहे. पण वाडीत त्याच्याशी खुणांनी बोलणारे कोण आहे? वसतिगृहात त्याला सोबती मिळतात. मात्र दोन खुणा तुम्हीही शिका. नाहीतर दिवाळीला घरी आलेले पोर आपल्याच घरात पाहुणे होईल.

२०१६ च्या कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. पण सहा वर्षे वाट पाहू नका. तान्हे मूल आवाजाने दचकत नसेल, दिव्याकडे पाहत नसेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. पेरणीची वेळ गेली, तर पीक हाती लागत नाही.