दीड किलोबाइटची काटकसर



"तू नेमकं करतेस काय?" हा प्रश्न सकाळपासून पाचव्यांदा आला, म्हणून उत्तर माईकवरच देते.

कर्जतला गाडी थांबते, आपण वडे घेतो, तोवर मागे बँकर इंजिनं लागतात. बोरघाटाचा १:३७ चा चढ संपला की ती सुटतात. लिनक्समधली कर्नल मॉड्यूल अशीच, गरजेपुरती जोडायची. मोडेम दिसला की त्याचा ड्रायव्हर 'मॉडप्रोब' जोडतो. कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर, त्याआधी कोणता हवा, ही यादी 'डेपमॉड' तयार करतो. मोठ्या संगणकावर ही साधनं 'केमॉड' संचातून येतात. छोट्या यंत्रात बहुधा 'बिझीबॉक्स'मधून. त्यात अनेक आज्ञा एकाच छोट्या फाइलमध्ये असतात.

आम्ही पाऊस मोजून मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवणारं यंत्र बनवत होतो. १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडीची रात्र खालापूरच्या माणसाला विसरता येत नाही. त्यामुळे हे काम माझ्यासाठी नुसती नोकरी नव्हती.

जागा वाचवायला मी बिझीबॉक्समधला मॉडप्रोबचा 'सोपा' प्रकार निवडला. बचत सुमारे दीड किलोबाइट! हा प्रकार तयार यादी वापरत नाही. मॉड्यूलच्या फाइली स्वतः चाळतो आणि पुढच्या वेळेसाठी आपली यादी लिहून ठेवू पाहतो. आमच्या यंत्रात ती जागा फक्त वाचण्यापुरती होती. यादी लिहिली जाईना, आणि तसं तो सांगतही नाही. त्यामुळे वीज जाऊन आली की दर वेळी पुन्हा सगळी चाळणी. मोडेम वेळेत जागा व्हायचा नाही, म्हणून यंत्र स्वतःला पुन्हा सुरू करायचं. पुन्हा तेच. टेबलावर वीज जात नव्हती, म्हणून मला ते दिसलंच नाही. पहिल्या वादळी पावसात दिसलं.

उपाय साधा होता: बिझीबॉक्सचाच पूर्ण मॉडप्रोब घेतला आणि डेपमॉडची यादी इमेज बनवतानाच आत घातली. केमॉडची गरज पडली नाही. कायम लागणारे ड्रायव्हर तर थेट कर्नलमध्येच बसवले. त्यांना जोडायला साधनच नको. आता चाचणीत मी मुद्दाम वीज तोडते.

आपल्या गणिताच्या बाई म्हणायच्या, अडलं तर गप्प बसू नका, हात वर करा. ही चूक शोधताना त्यांची फार आठवण आली.

बाई, आज हात वर करून सांगितलं. शाळेच्या संगणक कक्षात मुलांना हे दाखवायला मला आवडेल.