परदेशची सून आणि दीर्घ मुक्काम



परदेशची सून ही गोष्ट खानदेशांत आतां नवलाची राहिलेली नाहीं. रावेर-यावलच्या केळीबागायतदाराचा मुलगा असो वा धुळ्याच्या वकिलाचा, तो शिक्षणासाठीं बाहेर जातो, तिकडेच नोकरीस लागतो, आणि एके दिवशीं दूरध्वनीवरून लग्नाची वार्ता कळवितो. घरांत चार दिवस रडारड होते, पांचव्या दिवशीं खापरावरच्या मांड्यांचा बेत ठरतो. पंधरवड्याच्या पाहुणचारास कांहींच अडत नाहीं. अडतें तें सून सहा-आठ महिने राहावयास येते तेव्हां, आणि आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

आमच्या भागास हा विषय तसा जुना आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें 1844 सालीं रॉबर्ट गिल या मद्रासच्या पलटणींतील अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्या काळीं घाटाखालचा खानदेश इंग्रजांचा आणि घाटावरचा अजिंठा निजामाचा. गिल ही सीमा ओलांडून गेला आणि तेथें वर्षानुवर्षें राहिला. तो विवाहित होता. तरी पारो नांवाच्या तेथील स्त्रीशीं त्याचें जुळलें. पारो 1856 सालीं वारली. तिचें थडगें अजिंठा गांवांत आहे. गिल 1879 मध्यें भुसावळास निवर्तला व तेथेंच त्याची कबर आहे. त्यानें जन्म घालवून काढलेल्या नकलांपैकीं बहुतेक 1866 सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. ना. धों. महानोरांनीं या कथेवर दीर्घकाव्य लिहिलें. 2012 सालीं तिच्यावर चित्रपटही निघाला. लोकांना या कथेंत प्रेम दिसतें. मला मात्र तिच्यांत एक रिकामा रकाना दिसतो. मास्तरकीची ही खोड असेल! गिलच्या हातीं कंपनीचा हुकूम होता, पगार होता. पारो त्याची कोण, असें कोणी विचारलें असतें तर तिनें काय दाखविलें असतें? आज कागद मागितला म्हणजे आपण चिडतों. पण त्याच कागदानें सुनेस घरांत राहण्याचा अधिकार मिळतो, हें विसरूं नये.

परकीयांविषयींचा आपला व्यवहार 1920, 1939 व 1946 सालच्या कायद्यांवर परवांपरवांपर्यंत चालत होता. 1 सप्टेंबर 2025 पासून ते जाऊन त्यांच्या जागीं एकच नवा कायदा अमलांत आला आहे. गृहस्थाच्या दृष्टीनें मुख्य गोष्टी फारशा पालटलेल्या नाहींत.

माझ्या पुतण्याची पत्नी पोलंडची आहे. पुतण्या अद्याप भारतीय नागरिकच आहे. लग्नानंतर पहिल्या खेपेस ती पर्यटनाच्या व्हिसावर जळगांवास आली, आणि नेमक्या त्याच वेळीं माझ्या वहिनी अंथरुणास खिळल्या. त्या मुलीनें सासूची वेणीफणी करण्यापासून औषधाच्या वेळा सांभाळण्यापर्यंत सारें केलें. मराठीच्या आधीं ती अहिराणी शिकली, कारण वहिनी तापांत तीच बोलत. पण मुदत भरली आणि तिला निघावें लागलें. पर्यटनाच्या व्हिसास सहसा मुदतवाढ मिळत नाहीं. स्टेशनावर ती मला म्हणाली, “काका, मी येथें पर्यटक आहें काय?” मला उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर कायद्यांत होतें. भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीस वा पत्नीस ‘एक्स’ वर्गाचा प्रवेश-व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी करतां येत नाहीं. पण दीर्घ मुक्काम करतां येतो व मुदतही वाढवून मागतां येते. त्यासाठीं विवाहनोंदणीचा दाखला पाहिजे. देवळांतील लग्नाचीं छायाचित्रें कितीही सुरेख असलीं तरी तेथें चालत नाहींत.

दुसऱ्या खेपेस ती या व्हिसावर आली. परदेशी व्यक्तीस ज्यानें घरीं उतरवून घेतलें त्यानें 24 तासांच्या आंत तशी खबर द्यावयाची असते. याच पत्रकास लोक ‘सी फॉर्म’ म्हणत आले आहेत. हा नियम केवळ हॉटेलांना आहे, अशी पुष्कळांची समजूत असते, ती चुकीची आहे. पुढची पायरी नोंदणीची. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यानें सामान्यतः 14 दिवसांत नोंद करावी. व्हिसावर निराळी अट छापलेली असल्यास तीच प्रमाण मानावी. जळगांव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांत हें काम पोलीस अधीक्षकांकडे असतें.

हें ऐकतांच वहिनी उठून बसल्या. “भाऊजी, घरच्या लक्ष्मीला पोलिसांत नेणार?” मीं त्यांस समजाविलें कीं, हा गुन्ह्याचा तपास नव्हे, आणि 2018 पासून हे अर्ज संगणकावरून करण्याची सोय झाल्यानें बहुधा जावेंही लागत नाहीं. त्यांची खात्री पटली असें मला वाटत नाहीं, पण त्यांनीं विरोध केला नाहीं.

विवाहाची नोंद होऊन तो दोन वर्षें अखंड टिकला म्हणजे ‘ओसीआय’ कार्डासाठीं अर्ज करतां येतो. मूळ पाकिस्तान वा बांगलादेशच्या व्यक्तीस हा मार्ग बंद आहे. या कार्डानें व्हिसाची यातायात संपते. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाहीं. आमच्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: केळीचा मळा सुनेच्या नांवें घेतां येईल काय? खरेदीनें येत नाहीं. शेतजमीन विकत घेण्यास कार्डधारकास मनाई आहे. वारसाहक्काची गोष्ट निराळी. हा खुलासा साखरपुड्याच्या वेळींच झालेला बरा, म्हणजे पुढें भाऊबंदांना बोलावयास जागा राहत नाहीं.

वहिनी आतां काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात. घर त्यांच्या नांवावर असल्यामुळें यजमान म्हणून खबर त्यांच्याच नांवें गेली. सुनेचा नोंदणीचा दाखला आला आहे. येत्या पौषांत लग्नास दोन वर्षें पूर्ण होतील, तेव्हां कार्डाचा अर्ज करावयाचा आहे.